मापं बरोबर, तरी इमारत खेळण्यासारखी का दिसते? एचओ लेआउटसाठी जुनं दगडी स्टेशन घरी बांधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर एचओ मापाचा, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या छोट्या रेल्वेचा लेआउट तयार आहे, रूळ बसलेत, गाडी फिरते. त्यावर मध्य रेल्वेच्या घाटालगत दिसतं तसं काळ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं छोटं स्टेशन हवंय, शिवाय एक मालधक्का आणि सिग्नलची केबिन. परदेशी किटमधून जर्मन खेड्यातली घरं मिळतात, ती इथे परकी वाटतात. पुठ्ठ्याची दोन घरं स्वतः करून पाहिली, लांबी-रुंदी-उंची मोजून केली, तरी ती खेळण्यासारखी दिसतात. साहित्य कुठलं घ्यावं, आणि सगळं लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्यावं का?

लांबी-रुंदी बरोबर असूनही इमारत खेळणं वाटते तेव्हा दोष बहुतेक वेळा जाडीचा असतो. जिथे भिंत जाड हवी तिथे ती पातळ असते, आणि जिथे कड पातळ हवी तिथे ती जाड असते. दीड मिलिमीटरचा माउंटबोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, घेऊन त्याचीच भिंत, त्याचंच छप्पर, त्याचीच खिडकीची चौकट केली की हे हमखास होतं. जुन्या दगडी स्टेशनची भिंत दीड फूट जाड असते, कधी दोन फूट. एचओमध्ये दीड फूट म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. उलट कौलाची वळचणीला दिसणारी कड प्रत्यक्षात बोटाच्या जाडीएवढी, म्हणजे एचओमध्ये पाव मिलिमीटरच्या आत. लोखंडी पत्र्याची कड तर डोळ्याला दिसूच नये इतकी. दीड मिलिमीटरची भिंत आणि दीड मिलिमीटरचं छप्पर एकत्र आले की डोळा लगेच ओळखतो की हा पुठ्ठा आहे. रंग कितीही चांगला दिला तरी हे लपत नाही. बाकीचं सगळं यानंतर.

आता मापाबद्दल, कारण तिथे एक सोय आहे जी अनेकांच्या लक्षात येत नाही. एचओ म्हणजे १:८७ असं आपण म्हणतो, पण हे माप मुळात 'एका फुटाला साडेतीन मिलिमीटर' असं ठरलेलं आहे. ओ या मोठ्या मापाच्या सात मिलिमीटरचं निम्मं. आपल्याकडची जुनी स्टेशनं इंग्रजांच्या काळात फूट-इंचात आखली गेली. बोरघाटाची चढण १८६३ मध्ये आणि थळ घाटाची १८६५ मध्ये गाड्यांसाठी खुली झाली, त्या काळात मीटरचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे अशा इमारतीचं रेखाटन फुटात करा. सात फुटांचं दार साडेचोवीस मिलिमीटर, दहा फुटांची खोली पस्तीस, नऊ इंचांची वीट दोन पूर्णांक सहा. आकडे सरळ येतात आणि एखादं माप चुकलं असेल तर लगेच खटकतं. स्वातंत्र्यानंतरच्या, आरसीसीच्या इमारतीसाठी मात्र मीटर बरा. एक मीटर म्हणजे साडेअकरा मिलिमीटर.

स्टेशनात जाऊन टेप लावणं दरवेळी जमत नाही, आणि रुळांच्या बाजूला उतरून मोजायला तर जाऊच नये. एक मीटरची काठी घ्या, तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला आलटून पालटून काळा-पांढरा पट्टा रंगवा. स्टेशन मास्तरांना विचारून ती भिंतीला टेकवा आणि शक्य तितक्या लांबून, झूम करून, भिंतीच्या अगदी समोरून फोटो काढा. जवळून काढलेल्या फोटोत वरचा भाग निमुळता होतो आणि छपराची उंची फसवते. दगडाच्या एका थराची उंची हाताने मोजून ठेवा, मग फोटोतले थर मोजले की आढ्यापर्यंतची उंची मिळते. जोत्याची उंची, पायऱ्या, खिडकीचा तळ जमिनीपासून किती वर आहे, या तीन गोष्टी घरी आल्यावर हमखास आठवत नाहीत, त्या तिथेच वहीत लिहा. आणि मागची बाजू. सगळे दर्शनी बाजूचे फोटो काढून येतात, पण लेआउटवर आपण खूपदा मागूनच बघतो.

रुळाबद्दल एक स्पष्ट करतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरचा. १:८७ मध्ये तो १९.३ मिलिमीटर यायला हवा, पण एचओचा रूळ १६.५ आहे, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी आहे. हा फरक मनाआड करा. रूळ अरुंद दिसतो म्हणून इमारती लहान करायला जाऊ नका. माणसं, ट्रक, बैलगाड्या सगळं १:८७ मध्येच येणार आणि दार माणसाशीच मोजलं जातं. ब्रिटिश ओओ मापाच्या इमारतीही याच रुळाशेजारी ठेवल्या जातात, पण त्या १:७६ च्या असतात, म्हणजे सुमारे सातव्या हिश्शाने मोठ्या. पुढच्या ओळीत ओओचं घर आणि मागे एचओचं चालेल, शेजारी-शेजारी नाही.

पूर्ण स्टेशन जसंच्या तसं बसत नाही, हेही गृहीत धरा. चोवीस डब्यांचा फलाट सुमारे साडेपाचशे मीटर लांब; एचओमध्ये सव्वासहा मीटर. तुमचा अख्खा प्लाय अडीच मीटरच्या आत आहे. फलाट तर कापावा लागतोच, इमारतही थोडी आखडावी लागते. ती आखडताना खिडक्या-दारं लहान करू नका, त्यांची संख्या कमी करा. मूळ इमारतीत सात कमानी असतील तर पाच करा, तीन करा, पण विषम ठेवा, म्हणजे मधलं दार मध्येच राहील. उंचीला हात लावायचा नाही. मग बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन अर्ध्या तासात कच्चा ठोकळा करा, त्यावर पेन्सिलने दारं-खिडक्या काढा आणि लेआउटवर जागेवर ठेवून द्या. आठवडाभर जाता-येता बघा. जागा चुकली असेल, छप्पर रुळावर आल्यासारखं वाटत असेल, तर ते इथेच कळतं. मी हा ठोकळा केल्याशिवाय आजही एकही भिंत कापत नाही.

साहित्य. भिंतींसाठी माझी पहिली पसंती सनबोर्डला. फ्लेक्सवाले ज्यावर छापील विनाइल चिकटवतात तो पांढरा पीव्हीसी फोम. पाच मिलिमीटरचा घेतला की दीड फुटाची भिंत आपोआप मिळते, वेगळे थर चिकटवायची गरज नाही. जाहिरातीच्या बोर्डवाल्यांकडे त्याचे कातरलेले तुकडे पडलेले असतात आणि आपल्या कामाला ते पुरतात. याचा दुसरा मोठा गुण पावसाळ्यात कळतो. माउंटबोर्ड आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत पाणी ओढतो आणि भिंत पोट काढते. सनबोर्डला दमट हवेचं काही वाटत नाही. शिवाय कसर पुठ्ठ्याला आणि खळीला लागते, याला नाही. माउंटबोर्डच वापरायचा असेल तर कापलेले तुकडे जोडण्याआधी दोन्ही बाजूंनी फ्रेंच पॉलिशची लाख स्पिरिटमध्ये पातळ करून लावा. एकाच बाजूने लावली तर वाकणं टळत नाही, उलट वाढतं. रंगाचंही तसंच: बाहेरून रंग दिला की आतूनही एक हात द्यायचा. आत काळा द्या, पुढे दिवे लावलेत तर भिंतीतून उजेड झिरपणार नाही.

कापायला सर्जिकल ब्लेड, अकरा नंबरचं पातं आणि तीन नंबरचा दांडा, औषधांच्या घाऊक दुकानात मिळतं. जाड सनबोर्डला मात्र नेहमीचा स्नॅप कटर बरा. एका फटक्यात कापू नका, चार-पाच हलके हात मारा आणि पातं उभं धरा. पातं कललं की खिडकीच्या आतली कड तिरपी होते आणि पाच मिलिमीटर जाडीत ती चटकन दिसते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, किंवा कुठल्याही आर्किटेक्चर कॉलेजजवळच्या दुकानात बाकी सगळं मिळतं.

दगडकाम हा या कामाचा सगळ्यात आनंदाचा भाग आहे, त्याला वेळ द्या. आधी सनबोर्डची चकाकी २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घालवा. चारही भिंती टेबलावर एका ओळीत मांडून पट्टीने थरांच्या आडव्या रेघा एकदमच मारा, म्हणजे कोपऱ्यावर थर जुळतात. इमारतीच्या कोपऱ्यावर थर वरखाली झालेले दिसले की ती दगडाची राहत नाही, चार चित्रं जोडल्यासारखी दिसते. थराची उंची सहा ते नऊ इंच, म्हणजे पावणेदोन ते अडीच मिलिमीटर. उभ्या सांध्यांसाठी शाई संपलेलं बॉलपेन घ्या आणि दाबून रेघ मारा. खालच्या थराचा सांधा वरच्या सांध्याखाली येऊ द्यायचा नाही. दगडांची लांबी कमी-जास्त ठेवा, पण कोनाचे दगड मोठे, घडीव आणि एकाआड एक लांब-आखूड. कमानीचे दगड मध्यबिंदूकडे रोखलेले हवेत, संख्या विषम आणि वर मधोमध कळीचा दगड. मी प्रत्येक कमानीखाली कागदावर मध्यबिंदू काढून, तिथे टाचणी टोचून, पट्टी तिला टेकवूनच या रेघा मारतो. भिंती जोडल्यावर कोपऱ्यातल्या फटीत वॉल पुट्टीत थोडा फेव्हिकॉल मिसळून भरा आणि पुट्टी ओली असतानाच थरांच्या रेघा कोपऱ्यावरून पुढे न्या.

रंगात बेसॉल्टला काळा म्हणतात म्हणून काळा देऊ नका. उन्हात बघा, तो करडा असतो, कुठे निळसर, कुठे तांबूस. आणि लहान वस्तू खोलीतल्या उजेडात मूळपेक्षा गडद दिसते, म्हणून सगळेच रंग थोडे पांढरट ठेवावे लागतात. मध्यम करडा अॅक्रिलिक सगळीकडे द्या. तो वाळला की सुट्टे दगड, साधारण पाचातला एक, जरा तपकिरी किंवा जरा निळसर रंगवा. मग दगडांमधल्या दरजा भरण्यासाठी राखाडी-पांढरा रंग खूप पातळ करून भिंतीवर सोडा आणि ओला असतानाच फडक्याने वरून पुसा. रंग फटींत राहतो, दगडावरून जातो. सगळे रंग मॅट. चकाकणारा एक इंचभर तुकडाही अख्ख्या इमारतीला प्लास्टिकचं करून टाकतो.

खिडक्यांत पुन्हा जाडीचाच प्रश्न. चौकट दोन इंचांची, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, आणि तावदानांमधल्या पट्ट्या त्याच्या निम्म्या. पुठ्ठ्यातून हे कापणं व्यर्थ आहे. ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट घ्या, तिच्यावर सुईच्या टोकाने पट्टीच्या आधाराने रेघा ओरखडा, त्यावर पांढरा किंवा हिरवा अॅक्रिलिक बोटाने घासा आणि लगेच ओल्या कापडाने पुसा. रंग फक्त ओरखड्यांत उरतो आणि तावदानांच्या पट्ट्या हव्या तितक्या बारीक मिळतात. बाहेरची चौकट आयव्हरी कार्डच्या पट्टीची करून वर चिकटवा. हे तावदान भिंतीच्या बाहेरच्या पातळीला कधीच बसवू नका; दोन-तीन मिलिमीटर आत घ्या. भिंतीची जाडी दाखवणारी ती आतली सावलीच इमारतीला वजन देते.

आपल्या खिडक्यांना गज असतात आणि परदेशी किटमध्ये ते कधीच नसतात. घरच्या वायरिंगमधली लवचीक वायर सोला. तिच्या आतला एकेक तांब्याचा धागा बहुधा ०.२ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एचओमध्ये सतरा मिलिमीटरचा गज. प्रत्यक्षातल्या अर्ध्या इंचाच्या गजापेक्षा तो थोडा जाड आहे, पण चालतो. धाग्याचं एक टोक पकडीत धरून दुसरं ओढा, किंचित ताणला गेल्याचं हाताला जाणवलं की तो दोरीसारखा सरळ होतो. मग तुकडे करून चौकटीमागे चिकटवा.

आता छप्पर, जिथे बहुतेकांची मेहनत वाया जाते. मंगलोरी कौल साधारण सोळा इंच लांब आणि नऊ-सव्वानऊ इंच रुंद. एकावर एक चढल्यावर रिपेपासून रिपेपर्यंत ३२० मिलिमीटरच्या आसपास उघडं दिसतं. एचओमध्ये ती ओळ ३.७ मिलिमीटरची, आणि प्रत्येक कौलाची दिसणारी रुंदी अडीचच्या जरा आत. दहा फुटांच्या पाख्यावर साडेनऊ ओळी येतात. तुमच्या छपरावर पंधरा ओळी असतील तर कौलं लहान झालीत, सहा असतील तर मोठी. डोळा हे न मोजताही ओळखतो. छपराचा पाया एक मिलिमीटरच्या कार्डाचा घ्या, पण तो वळचणीच्या कडेपासून दोन मिलिमीटर आत थांबवा. कौलांच्या पट्ट्या मात्र पुढे जाऊ द्या, म्हणजे खालून फक्त त्यांची पातळ कड दिसेल आणि वाशांची टोकं डोकावतील. पट्ट्या साडेचार मिलिमीटर रुंद कापा, जाड ड्रॉइंग पेपरच्या. कापण्याआधीच अख्ख्या कागदावर मागून बॉलपेनने २.४ मिलिमीटरवर समांतर रेघा दाबून घ्या, म्हणजे पुढून उठाव येतो. वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे चढा. सांधे सरळ रेषेत आहेत की अर्ध्या कौलाने सरकलेले, ते तुमच्याच स्टेशनच्या फोटोत बघून ठरवा. आढ्यावरची कौलं एकेकटी कापून, बांबूच्या काडीवर वळवून बसवा. अख्खी एक पट्टी ठेवली तर ती पट्टीच दिसते.

कौलांचा रंग एकसारखा लाल नको. विटकरी, त्यात कुठे तांबूस-पिवळं, कुठे नवं बदललेलं उजळ कौल, आणि ज्या बाजूला ऊन कमी लागतं तिथे शेवाळाचा काळपट-हिरवा हात. घाटातलं छप्पर पाच-सहा पावसाळ्यांत कसं होतं ते तुम्ही पाहिलेलंच आहे, ते आठवून रंगवा. जोत्याच्या वर फूट-दीड फुटापर्यंत, म्हणजे चार-पाच मिलिमीटर, पागोळ्यांनी उडालेल्या चिखलाचा तांबूस पट्टा द्या. त्याशिवाय इमारत आपल्याकडची वाटत नाही.

मालधक्क्याला पत्रा लागेल. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल दुहेरी करून जाड ब्लॉटिंग पेपरवर ठेवा आणि त्यावरून एम-५ आट्यांचा रॉड दाबून फिरवा. त्याच्या आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर आहे, आणि तीन इंची नालीचा पत्रा एचओमध्ये ०.८७ येतो, इतकं जवळचं माप आयतं मिळतंय. आटे मळसूत्री असल्याने रेघा किंचित तिरप्या उमटतात, म्हणून तुकडे कागदाच्या कडेला नव्हे तर रेघांना समांतर कापा. आठ फुटी पत्रा २८ मिलिमीटर लांब. सुटे पत्रे एकमेकांवर एक-दीड नाली चढवून लावा, अख्खं छप्पर एका तुकड्यात कधीच नाही. सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांची नाली दुपटीच्या आसपास मोठी असते, तिथे हा रॉड चालणार नाही.

फलाटाच्या बाबतीत दोन आकडे लक्षात ठेवा. आपला उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर वर असतो, म्हणजे ८.७ ते ९.७ मिलिमीटर. आणि त्याची कड रुळाच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिलिमीटरवर, म्हणजे सव्वाएकोणीस. हे अंतर सरळ रुळासाठी आहे. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत येतो आणि टोकं बाहेर जातात, म्हणून तिथे तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा हाताने ढकलत, त्याला पेन्सिल बांधून रेघ मारून घ्या आणि त्या रेघेबाहेर फलाट ठेवा. युरोपीय डबे आपल्यापेक्षा अरुंद असतात, त्यांच्यापुढे फट जास्त दिसेल. पुढे आयसीएफचे, म्हणजे आपल्या रेल्वेचे, डबे चालवायचा विचार असेल तर ती फट राहू द्या. जुन्या छोट्या स्टेशनांवर फलाट रुळाच्या पातळीचाही असायचा, आणि मला विचाराल तर तुमच्या जागेत तोच जास्त शोभेल.

इमारत जमिनीवर ठेवलेली दिसू नये, जमिनीतून वर आलेली दिसावी. जोतं तीन मिलिमीटर जास्त उंच करा आणि तेवढं लेआउटच्या पृष्ठभागात उतरवा. भोवतीची फट चाळलेल्या मातीने भरा, वरून एक भाग फेव्हिकॉलला चार भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. साबणामुळे ते मातीत शिरतं, वर गोळे होत नाहीत. पाटी पिवळी, अक्षरं काळी, वर मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी, आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. लेझर प्रिंटवर हे स्वच्छ येतं.

कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघितलं नसेल तर एकदा जाऊन या, आणि तिथे वरून न बघता डोळे रुळाच्या पातळीला आणून बघा. आपलं स्टेशनही त्याच पातळीवरून तपासायचं असतं.

लेझर कटिंगचं विचारलंत. एकसारख्या वीस खिडक्या, जिन्याचे कठडे, वळचणीची नक्षीदार लाकडी झालर, यांना लेझर उत्तम. या गोष्टी हाताने एकसारख्या होणं अवघड. भिंतींना मात्र नको. पीव्हीसी फोम लेझरवर कापायचा नसतो, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो आणि जाणकार दुकानदार नकारच देतील. पुठ्ठ्याची कड लेझरने करपते, ती रंगाखालीही तपकिरी दिसते. शिवाय कुठला दगड किती लांब ठेवायचा हे तुमच्या हाताने ठरलं तर भिंत जिवंत वाटते. स्टेशनला हात घालण्याआधी फाटकावरच्या गेटमनची खोली करा: दहा बाय दहा फूट, एक दार, एक खिडकी, दोन पाख्यांचं छप्पर. पस्तीस मिलिमीटरच्या त्या चौरसात वर सांगितलेलं जवळपास सगळं काम येतं, आणि बिघडलं तरी फेकून देताना जीव हळहळणार नाही. केबिन त्यानंतर. तिला चारही बाजूंनी काचा असल्याने आतली लिव्हरची रांगही करावी लागते. स्टेशन सगळ्यात शेवटी.